भरतीचा आकडा पारखून घ्यावा
मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. परंतु नोंद जुनी म्हणून ती अचूकच असते असे नाही. मापकाच्या विहिरीचे छिद्र गाळाने बुजले, की उधाण असते त्याहून कमी उमटते. धक्का खचला, की पाणी न वाढताही वाढलेले दिसते. म्हणून आकड्यासोबत यंत्राच्या शेवटच्या तपासणीची तारीखही प्रसिद्ध व्हावी, असे आमचे मत आहे. भरती-ओहोटीची छापील कोष्टके तर चंद्रसूर्याच्या गतीवरून आधीच मांडलेली असतात. ऐनवेळचे वादळवारे त्यांत धरलेले नसते. कोकणातील खारबांधाची उंची केवळ त्यांवर ठरवू नये. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी उघाडीजवळ खुणांचा खांब रोवावा व शेतकऱ्यांनी प्रत्येक उधाणाची नोंद ठेवावी. खारे पाणी एकदा खाचरात शिरले, की भाताचे पीक हातचे जाते.