हायड्रॉलिक तेलाची गाळणी बांधावर बदलता आली पाहिजे

ट्रॅक्टरवर बसल्या जागी एक दांडी हलविताच जड नांगर उचलला जातो, ही किमया तेलाच्या दाबाची आहे. हॅरी फर्ग्युसन यांची तीन सांध्यांची जोडणी १९३६ साली विक्रीस आलेल्या ट्रॅक्टराबरोबर प्रचारात आली आणि आजचे बहुतेक ट्रॅक्टर त्याच तत्त्वावर अवजारे उचलतात. इंजिनाच्या तेलाची काळजी घेणारे शेतकरी गावोगाव आढळतात. तथापि हायड्रॉलिक तेलाची आठवण बहुधा लिफ्ट काम देईनाशी झाल्यावरच होते. ऐन पेरणीच्या दिवसांत अशी वेळ आली म्हणजे दुरुस्तीच्या खर्चापेक्षा वाफसा निघून गेल्याचे नुकसान अधिक जाचते.

या बिघाडाच्या मुळाशी पुष्कळदा तेलातील घाण असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो व सुमारे ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पंप व व्हॉल्व्ह यांच्या सरकत्या भागांतील फट मात्र काही ठिकाणी १० मायक्रॉनहूनही कमी असते. म्हणून बोटावर घेऊन स्वच्छ दिसणारे तेल स्वच्छ असतेच असे नाही. फटीएवढ्या आकाराचा कण तेथे अडकून धातू घासतो; त्यातून निघालेला कीस तेलात मिसळून पुढे आणखी घासतो. अशा रीतीने घाणीतून घाण वाढते. पंपाचा दाब हळूहळू उतरतो, तेल तापले की नांगर उचलत नाही, किंवा उचललेले अवजार आपोआप खाली येऊ लागते.

ही घाण येते कोठून, हे पाहणे उद्‌बोधक आहे. पलटी नांगर किंवा डंपिंग ट्रॉली जोडताना नळीचे टोक मातीत पडलेले असते व ते न पुसताच लावले जाते. भाड्याने फिरणाऱ्या ट्रॉलीच्या सिलिंडरमध्ये आधीच्या ट्रॅक्टरचे तेल शिल्लक असते. ते नव्या ट्रॅक्टरात उतरते. तेलाच्या टाकीला श्वास घेण्यासाठी ठेवलेल्या छिद्राची टोपी हरवली, तर मळणीची धूळ आत जाते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या तोंडाशी पाणी साचते व दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या गारव्याने ते आत ओढले जाते. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांची झीजही बहुधा याच तेलात मिसळते. या सर्वांवर उपाय म्हणून गाळणी बसविलेली असते. परंतु गाळणी बदलण्याची क्रिया हीच घाण आत जाण्याची एक मोठी वाट ठरते, इकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

यास्तव गाळणीची परीक्षा केवळ ती किती बारीक कण अडविते यावर होऊ नये. शेताच्या बांधावर, साध्या पान्याने, नवी घाण आत न जाऊ देता ती बदलता येते काय, हाही तितकाच महत्त्वाचा निकष मानला पाहिजे. त्या दृष्टीने रचनेत काही गोष्टी असणे अगत्याचे आहे. गाळणी तेलाच्या पातळीच्या वर असावी. खाली असल्यास ती काढताच तेल रोखणारा व्हॉल्व्ह असावा. अन्यथा ती काढताना तेल सांडते व सांडलेले तेल भरून काढण्यासाठी हाताशी येईल त्या डब्यातले तेल ओतले जाते. तेलाच्या प्रवाहाची दिशाही विचारात घ्यावी लागते. तेल बाहेरून आत वाहत असेल, तर घाण गाळणीच्या बाहेरच्या अंगावर साचते आणि ती उचलताना त्यातील काही भाग पुन्हा भांड्यात पडतो. तेल आतून बाहेर वाहविले, तर घाण गाळणीच्या पोटात अडकते व तिच्याबरोबरच बाहेर येते. आट्यांवर फिरवून बसणाऱ्या बंद डब्याच्या गाळणीतही घाण डब्यातच राहते. मात्र तेथे प्रत्येक वेळी धातूचा डबा टाकून द्यावा लागतो. गाळणी उलटी बसूच नये आणि ती नसताना झाकण बंदच होऊ नये, अशी योजना केल्यास अनवधानाने होणारी चूकही टळते.

गाळणी जितकी बारीक तितकी चांगली, हा समज सर्वस्वी खरा नाही. आकाराने लहान व फार बारीक गाळणी लवकर तुंबते. ती तुंबली म्हणजे पंपाचे रक्षण व्हावे म्हणून बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाते; चालकास याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच गाळणी तुंबल्याची खूण दाखविणारा दर्शक हा चैनीचा भाग समजू नये. तसेच वेष्टनावर नुसते ‘१० मायक्रॉन’ लिहिलेले असल्याने फारसा बोध होत नाही. आयएसओ १६८८९ या प्रमाणानुसार गाळणीच्या अलीकडचे व पलीकडचे कण मोजून त्यांचे प्रमाण काढतात. अलीकडे २०० कण असता पलीकडे १ जात असेल, तर हा बीटा गुणांक २०० होय. तो २ असेल, तर निम्मे कण निसटतात. वेष्टनावर दोन्हींचा उल्लेख ‘१० मायक्रॉन’ असाच असू शकतो.

नवी गाळणी घेण्याऐवजी जुनीच डिझेलने धुऊन किंवा हवेच्या झोताने झाडून पुन्हा बसविण्याची प्रथा गावोगाव आहे. तारेची जाळी धुता येते. कागदाची गाळणी धुतल्याने तिचे धागे सुटतात, चिरा पडतात आणि अडकलेले कण पलीकडच्या अंगास जातात. काटकसर हा शेतकऱ्याचा गुण आहे, पण येथे वाचविलेल्या पैशांची भरपाई पंपाच्या किमतीने करावी लागते. दोष मात्र एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. तालुक्याच्या गावी योग्य गाळणी मिळत नसेल व ती बदलण्यासाठी ट्रॅक्टर कित्येक मैल न्यावा लागत असेल, तर मिस्त्रीच्या सल्ल्याने जुनीच धुतली जाणार हे उघड आहे. सुट्या भागांचा पुरवठा सोयीचा ठेवणे हे कारखानदारांचे कर्तव्य आहे.

ग्रामीण कार्यकर्त्यांना या बाबतीत पुष्कळ करता येईल. ट्रॅक्टर खरेदीपूर्वी अश्वशक्ती व किंमत यांबरोबरच गाळणी कोठे आहे, ती कशी निघते व जवळ कोठे मिळते, हे विचारावयास शेतकऱ्यास शिकवावे. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांत गाळणी बदलल्याची तारीख व ट्रॅक्टरचे तास लिहून ठेवण्याचा पायंडा पाडावा. बदलण्यापूर्वी सभोवारची माती पुसावी. नवी गाळणी बसविण्याच्या क्षणापर्यंत वेष्टनातच ठेवावी. रबरी वॉशरला स्वच्छ तेल लावावे. नवे तेलही गाळूनच भरावे, कारण पिंपातील तेल पुरेसे स्वच्छ असेलच असे नाही. काढलेले तेल व गाळणी विहिरीजवळ, नाल्यात वा चुलीत टाकू नये. ते पुनर्प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे जाईल अशी व्यवस्था करावी.

खरेदी करणारा ज्या गोष्टींची चौकशी करतो, त्यांकडे कारखानदाराचे लक्ष वेधले जाते. शेतकऱ्यांनी गाळणीची चौकशी सुरू केली, तर बांधावर बदलता येईल अशी गाळणी देणे कारखानदारांना भाग पडेल.