रुईची दोरी आणि विलायती पातं

मातीतला इतिहास / वत्सगुल्मकर

वाकाटकांचं सैन्य इंग्रजी फौजेपुढं टिकलं असतं का? शाळांमध्ये इतिहासावर बोलायला गेलं की मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे त्यांना ठाऊक असतं आणि आपला राजा जिंकावा असं त्यांना मनापासून वाटतं. बंदुकीपुढं धनुष्य टिकत नाही, एवढं म्हणून तो प्रश्न मिटवता येईल. पण मला तो मिटवायचा नाही. या तुलनेचा एक धागा पाचव्या शतकातल्या वत्सगुल्माला जातो आणि दुसरा रिसोडजवळच्या चिचांब्याला, १५ जानेवारी १८५९ या दिवसाला. दोन्ही टोकं आपल्याच जिल्ह्यात आहेत.

आधी वाकाटक. त्यांची शस्त्रं डोळ्यांनी पाहायची तर अजिंठा गाठावा. तिथलं १६ क्रमांकाचं लेणं वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं. शेजारच्या १७ व्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवलेली आहे. तीत हत्ती, घोडे, भालाईत, धनुर्धर आणि ढाल-तलवार घेतलेलं पायदळ अशी चाल करून जाणारी फौज दिसते. चित्रकाराने कथा दूरच्या बेटाची सांगितली, पण सैनिक रंगवले ते आपल्या आसपासचे. त्यातल्या घोडेस्वारांच्या पायांकडे मुद्दाम पाहावं. रिकीब नाही. रिकिबीत पाय रोवून, अंग उचलून, सगळं वजन घालून वार करण्याची सोय त्या स्वाराला नव्हती.

धनुष्य कशाचं असे, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तपशीलवार आलं आहे. ताड, बांबू, लाकूड आणि शिंग हे धनुष्याचे चार प्रकार. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू किंवा जनावराचे स्नायू. रुई आपल्या प्रत्येक बांधावर उभी आहे, ताग आजही पेरला जातो. म्हणजे त्या काळच्या धनुर्धराची दोरी तुटली तर नवी वळायला लागणारा माल त्याच्या गावशिवारातच होता. लोखंड मात्र वाशीमच्या काळ्या दगडात नाही. ते पूर्वेकडून यायचं. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला वाकाटकांच्याही कित्येक शतकं आधीची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे, त्यामुळे विदर्भाला पोलादी धार नवी नव्हती.

आता चिचांबा. रोहिल्यांची, म्हणजे पठाणी भाडोत्री लढवय्यांची, एक टोळी लूट घेऊन या भागातून चालली होती आणि निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी हैदराबाद कंटिंजंटची फौज तिच्या मागावर होती. कंटिंजंटच्या दुसऱ्या रिसाल्याचा कॅप्टन हर्बर्ट क्लॉग्स्टन अवघे आठ स्वार घेऊन तुटून पडला. त्याने टोळीला पुन्हा गावात रेटलं आणि शेवटी लूट टाकायला लावली. तो स्वतः जबर जखमी झाला आणि आठांपैकी सात स्वार त्याने गमावले. या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजी साम्राज्याचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान आपल्या एका खेड्याच्या नावावर नोंदला गेला आहे, हे रिसोड तालुक्यातही फार थोड्यांना माहीत आहे.

त्या आठ स्वारांची नावं मात्र सन्मानपत्रात नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस तेव्हा हिंदी शिपायांना मिळतच नव्हता, तो त्यांना खुला झाला १९११ मध्ये. एका वाक्यात कॅप्टनचं नाव आणि बाकीच्यांची फक्त संख्या, हे वाचताना मला दर वेळी राग येतो.

हे स्वार लढत कशाने होते? कंटिंजंटचे रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा स्वाराचा, हत्यारही बहुधा त्याचंच, पगार सरकारचा. मराठी फौजांत शिलेदार आणि बारगीर असा जो भेद होता, त्यातल्या शिलेदारीचंच हे पुढचं रूप. याच निजामी रिसाल्यांच्या तलवारींबद्दल लुई नोलान या इंग्रज कॅप्टनने १८५३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात पुढच्याच वर्षी मारला गेला तोच हा नोलान. या स्वारांनी रोहिल्यांशी झालेल्या एका लढाईत केलेले वार इतके खोल होते, की ही तलवार कुठली म्हणून त्याने शोध घेतला. ती निघाली इंग्रज ड्रॅगून स्वारांनी मोडीत काढलेली पाती! निजामी स्वारांनी त्यांना नवी मूठ बसवली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रजांची म्यानं लोखंडी असत. त्यात पातं घासून बोथट व्हायचं. या लोकांची तलवार लढाईखेरीज म्यानाबाहेर निघत नसे.

माझ्या मते या साऱ्या तुलनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. एकच पातं एका फौजेत निकामी ठरतं आणि दुसऱ्या फौजेत धाक बसवतं. फरक पडला तो म्यानाने आणि धार राखणाऱ्या हाताने.

मग वाकाटकांचा सैनिक १८५९ च्या माणसापुढं कुठे कमी पडला असता? हातघाईत फारसा नाही. ढाल, तलवार, भाला ही हत्यारं चौदाशे वर्षांनंतरही तीच होती. बाण सोडण्याचा वेगही बंदूक झाडण्याच्या वेगापेक्षा जास्त. रोहिल्यांकडे साधारणपणे असे ती तोड्याची बंदूक. ती ठासून, तोडा फुंकून एकदा झाडेपर्यंत तयार धनुर्धर पाच-सहा बाण सोडतो. पावसात तोडा विझतो. अर्थात पावसात धनुष्याची दोरीही सैल पडते. कमी पडला असता तो रिकिबीत, दारूत आणि तयारीला लागणाऱ्या काळात. धनुर्धर लहानपणापासून घडवावा लागतो. बंदूक चालवायला काही महिन्यांची कवायत पुरते, म्हणून पगार देणारा राजा वाटेल तेवढी माणसं उभी करू शकतो. कंपनीच्या फौजांत १८४० च्या दशकात ठोक्याने पेटणारी टोपी आली आणि ओलीची अडचणही मिटली. पण ती टोपी बांधावर उगवत नाही. ती कारखान्यातून आणावी लागते आणि त्यासाठी खजिना लागतो.

खजिन्यापाशी आलं की दोन्ही काळ एकमेकांजवळ येतात. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलतींची यादी असते. त्यात सैनिकांनी गावात शिरायचं नाही, असं स्पष्ट कलम आहे. गवत, आसनाची कातडी आणि कोळसा यांच्या वसुलीतूनही गाव मोकळं केलेलं असतं. हे जिन्नस फिरतीवरच्या अधिकाऱ्यांसाठी मागितले जात. पण घोड्याला गवत, ढालीला कातडं आणि लोहाराच्या भट्टीला कोळसा लागतो, हेही विसरता येत नाही. आणि ज्या गावांना ही सूट नव्हती, त्यांच्या वेशीतून सैनिक आत येतच होते. चौदा शतकांनी, १८५३ च्या तहात, निजामाने कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. चिचांब्याला चमकलेल्या तलवारींचा पगार वऱ्हाडच्या कापूस-ज्वारीच्या साऱ्यातून निघत होता. वाकाटकांच्या धनुर्धराला ज्याने पोसलं, त्याच शेतकऱ्याच्या वंशजाने क्लॉग्स्टनच्या स्वारालाही पोसलं.

म्हणून मुलांना मी सांगतो की कोण जिंकलं असतं हे जरूर विचारा, पण लगेच दुसरं विचारा, हत्यार आलं कुठून आणि त्याचे पैसे दिले कोणी. शिक्षकांनाही विनंती आहे. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याला वाकाटक राजा देवसेनाच्या काळातला, शके ३८० म्हणजे इ. स. ४५८ चा, सुदर्शन तलावाचा लेख मिळाला. मुलांची सहल तिथे न्यावी आणि परतताना चिचांब्यालाही न्यावी.

आणि ज्यांच्या घरी जुनी तलवार, कट्यार किंवा ठासणीची बंदूक आहे त्यांना एक सांगणं आहे. दसऱ्याला पूजेआधी ती चकाकावी म्हणून मशीनवर धरू नका. पात्यावर मुठीजवळ अनेकदा शिक्का असतो. पातं बर्मिंगहॅमचं, जर्मनीतल्या झोलिंगेनचं की इथल्याच लोहाराचं, हे त्यावरूनच कळतं, आणि एकदा घासला गेला की तो परत येत नाही. मऊ फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा, शिक्क्याचा जवळून फोटो काढा आणि हत्यार कोणाकडून कोणाकडे आलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती भंगारात घालू नका, परस्पर विकू नका आणि पुरातत्त्व खात्याला दाखवा. चिचांब्याच्या आठ स्वारांपैकी एखाद्याचं पातं अजून वऱ्हाडातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या घरात असू शकतं.