वांझ तूर आणि पेशीच्या भिंतीतली वाट



मोताळ्याच्या कोरडवाहू रानात कपाशी आणि ज्वारी पेरतो ती तुरीचे तास सोबत धरूनच. पऱ्हाटीने दगा दिला तर तूर हात देईल, असा आपला साधा हिशेब. म्हणूनच दिवाळीच्या सुमारास सगळी तूर फुलावर असताना मधलेच एखादे झाड हिरवेगार, झुपकेदार, पण फुलाविना उभे दिसले की पोटात गोळा येतो. पाने बारीक, फिकट ठिपक्यांची, शेंग नाही. हाच वांझ रोग. (नाव आम्हाला आवडत नाही. दोष झाडाचा नसतो, पण शब्द रूढ झाला.)

बिहारमध्ये पुसा येथे १९३१ साली या रोगाची नोंद झाली. त्यामागचा विषाणू हाती लागायला मात्र २००० साल उजाडावे लागले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांबरोबर ते काम केले. विषाणू आणतो तो डोळ्यांना न दिसणारा कोळी. त्याला पंख नाहीत, तो वाऱ्यावर येतो.

पण कोळी तोंड लावतो ते मूठभर पेशींना. मग सगळे झाड कसे बिघडते? झाडाच्या प्रत्येक पेशीला भिंत असते आणि त्या भिंतीत शेजाऱ्याशी देवाणघेवाणीसाठी अतिसूक्ष्म वाटा असतात. विषाणूला त्या अरुंद पडतात. म्हणून तो पेशीच्याच कारखान्यात एक प्रथिन बनवून घेतो. ते प्रथिन वाट रुंद करते आणि विषाणूचा ऐवज पलीकडे पोचवते. तंबाखूवरच्या विषाणूत हे सिद्ध झाले. १९८७ च्या प्रयोगात हे प्रथिन बिघडलेला विषाणू जागीच अडकला; तेच प्रथिन झाडाने स्वतः तयार केले तेव्हा तो पुन्हा पसरला. १९८९ मध्ये दिसले की एकट्या या प्रथिनामुळे दहापट जड रेणू त्या वाटेने जातात. तुरीचा विषाणू ज्या कुळातला, त्या कुळातही असे प्रथिन आहे. शिरेपर्यंत पोचला की अन्नरसाबरोबर तो थेट शेंड्याला जातो.

एवढे सांगायचे कारण पैशाचे आहे. झाड पिवळट दिसले की आपण दुकानात जातो आणि बुरशीनाशकाची पुडी घेऊन येतो. चोर घरात शिरून घरच्याच दारांनी फिरतो आहे आणि आपण अंगणात पाणी शिंपडतो! पेशीत शिरलेल्या विषाणूला मारणारे औषध कोणत्याही दुकानात नाही. कोळीनाशकाचा उपयोग झालाच तर पीक कोवळे असताना, तोही कोळ्यावर.

खरे काम दोन जागी आहे. धुऱ्यावर, विहिरीपाशी उन्हाळाभर राहिलेली खोडवा तूर हे कोळ्याचे माहेर. ती पेरणीआधी उपटा. आणि दीड महिन्याच्या आत रोगट दिसलेले झाड हिरवे आहे म्हणून ठेवू नका, पुरून टाका. लवकर लागण झालेले झाड जवळपास काहीच देत नाही.

दुसरी जागा बियाण्याची. १९९३ ची आशा, म्हणजे आयसीपीएल ८७११९, आणि बदनापूरचे बीएसएमआर ७३६ हे वाण या रोगाला दाद देत नाहीत. पण विषाणूचे प्रकार मुलखागणिक बदलतात. एकीकडे टिकलेला वाण दुसरीकडे पडतो. म्हणून आमची मागणी आहे: या वाणांची चाचणी मोताळा तालुक्यातच, कोरडवाहू शेतात व्हावी आणि बियाणे मृगाआधी मिळावे.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या तुरीच्या एका तासात किती झाडे आहेत आणि त्यांतली किती वांझ, हे मोजून कागदावर आणा. तो कागद आम्ही कृषी खात्यापुढे ठेवणार आहोत.