काचेच्या पेटीतील मत्स्यन्याय

मोठा मासा लहान माशाला गिळतो, याला आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणतात. पण बेडूकही माशाला गिळतो, हे गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मुलाच्या घरी सर्वांना कळले. अबू हलीफातील तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, दिवाणखान्यात काचेची लहानशी टाकी, तीत आठ निऑन टेट्रा. मुलाने हट्ट धरला म्हणून वडिलांनी एका दुकानातून दोन इवलेसे बेडूक आणले. "हे एवढेच राहतात, माशांना काही करत नाहीत," असे विक्रेत्याने सांगितले होते. चार महिन्यांनी टाकीत एकही टेट्रा उरला नव्हता आणि बेडूक मुठीएवढे झाले होते. जूनमध्ये सुट्टीला गावी जायची तिकिटे निघाली, तेव्हा वडिलांनी आम्हांला विचारले, "सर, यांना समुद्रात सोडले तर चालेल का?"

प्रश्न साधा होता. पण त्यात किती गोष्टींचे अज्ञान दडले आहे, याचा विचार करता हा विषय या पानावर मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते. फ्लॅटमधल्या मुलांना अंगण नाही, विहीर नाही, पावसाळ्यातले डबके नाही. टाकी हाच त्यांचा ओढा. तेव्हा मुलांना हा छंद लावूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तो डोळसपणे लावावा, एवढेच आहे.

पहिली गोष्ट ओळखण्याची. दुकानांतून दोन प्रकारचे आफ्रिकी बेडूक लहान वयात जवळजवळ सारखेच दिसतात. एक ड्वार्फ फ्रॉग. तो जन्मभर पाण्यातच राहतो आणि वाढून चार-पाच सेंटिमीटरच होतो. दुसरा क्लॉड फ्रॉग, म्हणजे नखवाला. तो दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते सर्व खातो. खूण सोपी आहे. ड्वार्फच्या चारही पायांच्या बोटांमध्ये पडदा असतो. नखवाल्याच्या पुढच्या पायांची बोटे सुटी असतात. विकत घेण्यापूर्वी पुढचे पाय पाहावेत. त्या मुलाच्या वडिलांनी एवढे पाहिले असते, तर आठ मासे वाचले असते.

दुसरी गोष्ट सोबतीची. ड्वार्फ बेडकाला निऑन टेट्रा किंवा कोरिडोरास यांसारखे लहान, शांत मासे चालतात. गोल्डफिश, सिक्लिड, टायगर बार्ब ही मंडळी त्याच्यासोबत ठेवू नयेत. पण माशांपासून बेडकाला खरा धोका असतो तो उपासमारीचा. बेडकाची नजर मंद. तो वासावर चाचपडत अन्न शोधतो. तोवर चपळ मासे सारे फस्त करतात. घरच्यांना वाटते, रोज खाणे टाकतो आहोत. आणि बेडूक मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत वाळत जातो. म्हणून माशांना टाकीच्या एका टोकाला आधी खाऊ घालावे आणि बेडकाला दुसऱ्या टोकाला, चिमट्याने किंवा तळाशी ठेवलेल्या लहान बशीत, गोठवलेल्या अळ्या वितळवून द्याव्यात. मुलाला हे काम नेमून दिले, तर दुबळ्याचा वाटा वेगळा काढून ठेवावा लागतो, हा धडा त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय मिळतो.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती खास कुवेतची. एके काळी या देशात पिण्याचे पाणी शत-अल-अरबमधून गलबतांनी येत असे. १९५३ साली सरकारचा समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पहिला कारखाना सुरू झाला. आज नळाला येणारे पाणी मुख्यतः असेच गोडे केलेले आणि क्लोरीन घातलेले असते. माशाच्या कल्ल्यांना क्लोरीन जाळते. बेडूक तर कातडीवाटेच पाणी शोषतो, त्याला ते अधिकच बाधते. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात पोळेल इतके तापते. २०१६ च्या जुलैत मित्रीबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, हे आपण जाणतोच. म्हणून पाणी बादलीत भरून वातानुकूलित खोलीत रात्रभर ठेवावे, क्लोरीन मारणारे थेंब घालावेत आणि टाकीतील पाव भाग पाणी दर आठवड्याला बदलावे. टाकीचे तापमान २४ ते २६ अंश राखावे. नवी टाकी भरल्याबरोबर प्राणी सोडू नयेत. मासे-बेडकांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे सूक्ष्म जंतू गाळणीत वाढायला महिना-दीड महिना लागतो. तांबे असलेली माशांची औषधे बेडकाला मारक ठरतात, हेही ध्यानात असावे.

बेडकाला फुप्फुसे असतात. श्वासासाठी त्याला वर यावे लागते. म्हणून पाणी फार खोल नसावे, प्रवाह मंद असावा आणि पाणी व झाकण यांच्यामध्ये हवेला जागा असावी. झाकण मात्र हवेच. नाहीतर एखाद्या सकाळी बेडूक सोफ्याखाली सुकून मेलेला सापडतो. चाळीस लिटरच्या टाकीत दोन-तीन ड्वार्फ बेडूक व सहा लहान मासे, यापेक्षा गर्दी करू नये. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुणे मुलांना सक्तीचे करावे. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात ड्वार्फ बेडकांमुळे साल्मोनेलाची लागण झालेले दोनशेहून अधिक रुग्ण आढळले आणि त्यांत दहा वर्षांखालील मुलेच अधिक होती.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. गोड्या पाण्यातला हा बेडूक समुद्राच्या खारट पाण्यात तडफडून मरतो. बरे, समुद्राऐवजी एखाद्या बागेच्या तळ्यात सोडला तर? आमचा जन्म मॉरिशसचा. त्या बेटावर मुळात एकही बेडूक नव्हता. उसाच्या किडीवर उपाय म्हणून १९२२ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बनहून भेक आणले गेले. ते बेटभर पसरले आणि तेथल्या मूळच्या गोगलगायींवर ताव मारू लागले. आज ते परत गोळा करणे कोणालाही शक्य नाही. दुसरे असे की, बेडकांच्या कातडीला जडणारा कायट्रिड नावाचा बुरशीरोग पाळीव बेडकांच्या व्यापारातून जगभर पसरला. बेडूकवर्गातील पाचशेहून अधिक जातींना त्याची झळ पोहोचली, असे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणून पाळलेला बेडूक बाहेर सोडू नये आणि टाकीतले पाणीही उघड्यावर ओतू नये.

आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा वेगळाच आहे. ड्वार्फ बेडूक पाच वर्षे सहज जगतो. नखवाला तर पंधरा वर्षांहून अधिक. आपला अकामा मात्र वर्ष-दोन वर्षांचा. नोकरीचा भरवसा त्याहूनही कमी. दर उन्हाळ्यात आपण महिना-दोन महिने गावी जातो आणि टाकीची किल्ली हारिसच्या हाती देतो. त्या बिचाऱ्याने साऱ्या इमारतीचे पाहायचे की आपल्या बेडकाचे? त्यात २०२४ च्या जूनमध्ये इथे ठरवून वीजकपात झाली. बंद फ्लॅटमधले वातानुकूलन दोन तास थांबले तर टाकीचे काय होते, हे सांगायला नको.

तेव्हा आमची सूचना अशी. बेडूक घेण्यापूर्वी घरात तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. सुट्टीत पाहणार कोण? देश सोडायची वेळ आली तर घेणार कोण? आणि टाकी मुलाच्या मनातून उतरल्यावर पाणी बदलणार कोण? एकाच इमारतीतल्या दोन-तीन कुटुंबांनी सुट्ट्या मागेपुढे घेऊन एकमेकांच्या टाक्या सांभाळल्या, तर निम्मा प्रश्न सुटतो. उत्तरे मिळत नसतील, तर मुलांना घेऊन सालमियाच्या सायंटिफिक सेंटरचे मत्स्यालय पाहून यावे. तेही शिक्षणच आहे. विक्रेत्यांनीही कोणता बेडूक किती वाढतो, हे टाकीवर लिहून ठेवावे. त्यात त्यांचे नुकसान नाही.

ते दोन बेडूक सध्या आमच्या घरी वेगळ्या टाकीत आहेत. तो मुलगा दर शुक्रवारी येऊन पाणी बदलतो. माशांचे नाव काढले की अजून गप्प होतो. पण परवा पुढचे पाय दाखवून त्याने वर्गमित्राला दोन बेडकांतला फरक समजावून सांगितला.