मदतीचा जलसा आणि हिशेबाची वही



एका तरुण गायक मित्राचा फोन आला. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला होता. मंडाले, सगाइंग भागात तीन हजारांहून जास्त माणसं गेली, विहारं आणि पॅगोडे कोसळले. मित्र म्हणाला, "दादा, जयंतीच्या महिन्यात आमचे कार्यक्रम आहेतच. त्यातला एक भूकंपग्रस्तांसाठी करू. कुणी मानधन घेणार नाही. जमेल ते पाठवू. तुम्ही फक्त आयोजनाचं बघा."

मी लगेच हो म्हटलं नाही. त्याला वाईट वाटलं. "आपली माणसं आहेत दादा, बौद्ध आहेत," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. हा लेख त्याच्यासाठी आहे आणि असे कार्यक्रम ठरवणाऱ्या इतर सगळ्यांसाठीही. मदत करू नका असं मला सांगायचं नाही. २०१५ मध्ये अशाच एका कार्यक्रमात मी स्वतः डबा घेऊन फिरलो होतो. तेव्हा जे चुकलं ते पुन्हा चुकू नये, एवढ्यासाठी लिहितोय.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरला. सुमारे नऊ हजार माणसं मेली. मी तेव्हा एमए करून नुकताच कामाला लागलो होतो. आमच्या वस्तीतल्या पोरांनी ठरवलं की भीमगीतांचा कार्यक्रम करायचा. दोन गायक, एक शाहीर, बेंजो, ढोलकी, हलगी. सगळे आपलेच कलाकार, एकानेही पैसे घेतले नाहीत. व्यासपीठावर प्रत्येक वक्ता म्हणत होता की लुंबिनी नेपाळमध्ये आहे, ही बुद्धाच्या भूमीला मदत आहे. बायाबापड्यांनी पदराच्या गाठी सोडून दहा-वीसच्या नोटा टाकल्या. साठ-सत्तर हजार जमले. ते आम्ही एका मोठ्या संस्थेकडे दिले, मोठ्या आकाराचा चेक हातात धरून फोटो काढला आणि घरी आलो.

दोन महिन्यांनी मी त्या संस्थेला पत्र पाठवून विचारलं, आमचे पैसे कोणत्या जिल्ह्यात गेले? उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा एक छापील आभारपत्र आलं. वस्तीतल्या एका आजीने मला विचारलं, "लेका, कुणाच्या घरावर पत्रा पडला रं आपल्या पैशाचा?" मला सांगता आलं नाही. आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी नेपाळबद्दल वाचायला लागलो. तिथे लोकसंख्येत सुमारे १३ टक्के दलित आहेत. त्यांच्यात गंधर्व नावाची जात आहे, गावोगाव सारंगी वाजवत गाणी आणि बातम्या पोचवणारी. दमाई आहेत, लग्नात आणि देवळात ज्यांच्या वाद्यांशिवाय काही होत नाही, पण ज्यांना अस्पृश्य मानलं गेलं. वाचताना मला आमचे हलगीवाले आठवले. ज्याच्या वाजवण्यावर गावाचा सण उभा राहतो त्याला गावाच्या विहिरीवर जागा नाही, ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या रात्री आमच्या मंचावर वाजवणारे आणि तिकडे ढिगाऱ्याखाली गेलेले यांच्यात हे एवढं जवळचं नातं होतं, आणि आमच्या एकाही वक्त्याच्या तोंडून 'नेपाळचे दलित' हे शब्द आले नाहीत. माझ्याही नाही.

पुढे काय झालं ते तर जास्त बोलकं आहे. नेपाळ सरकारने घर बांधायला आधी दोन लाख आणि मग तीन लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने देण्याची योजना केली. पण घराचं अनुदान हवं तर जमिनीचा कागद हवा. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या दलिताकडे तो कुठून येणार? ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१७ मध्ये या प्रश्नावर अहवाल काढला, त्याचा रोख हाच होता की भूमिहीन माणूस पुनर्बांधणीतून बाहेर फेकला जातोय. भूमिहीनांसाठी नंतर काही सवलती आल्या, पण तोवर कित्येकांनी पत्र्याखाली पावसाळे काढले होते.

हे नेपाळचंच आहे असं समजू नका. आपल्याकडे किल्लारी आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं मेली. माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली माणसं गाडली गेली. माझी मावशी उमरगा तालुक्यातली. ती सांगते, "आमची कुडाची झोपडी होती म्हणून वाचलो." गरिबीने त्या रात्री जीव वाचवला आणि पुढे त्याच गरिबीने घर लहान केलं. ते कसं, तर जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम आला त्यात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार ठरवला तो जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरच्या वर असलेल्याला ७५० चौरस फूट.

आता हे आकडे नीट बघा. माणसं किती, मेली किती, उरली किती, हे विचारलं गेलं नाही. जमीन किती, हे विचारलं गेलं. मराठवाड्यात जमीन कुणाकडे होती आणि कुणाकडे नव्हती हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह का करावा लागला, ते आठवलं तरी पुरे. सरकारी कागदावर 'जात' हा शब्द कुठेही न लिहिता जातीची उतरंड चौरस फुटांत मोजून दिली गेली. अनेक ठिकाणी लहान घरांच्या ओळी एकीकडे आणि मोठ्या घरांच्या ओळी दुसरीकडे आल्या. जुन्या गावाचा नकाशा ढिगाऱ्यात गेला होता, तो नव्या गावात सिमेंटने पुन्हा काढला.

भूजचंही तेच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये ह्यूमन राइट्स वॉचने पाहणी केली. त्यांचं निरीक्षण असं की सरकारने भरपाई आणि धान्य सगळ्यांना सारखं ठरवलं, पण निवारा, वीज, पाणी यांत दलित आणि मुस्लिम मागे राहिले, आणि छावण्या जातीनुसार, धर्मानुसार वेगळ्या झाल्या. भिंती पडल्या होत्या तरी माणसं वेगळीच बसली.

अशा वेळी काही लोक म्हणतात, "संकटात तरी जात आणू नका." माझं त्यांना एवढंच विचारणं आहे की जात कोण आणतं? छावणी वेगळी करणारा आणतो की ती वेगळी आहे हे सांगणारा? १९३४ मध्ये बिहारचा भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं म्हटलं. रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, की निसर्गाच्या घटनेला असं कारण चिकटवणं विज्ञानाला धरून नाही. टागोरांचा मुद्दा योग्य होता. आणि आपला प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. शिक्षा अस्पृश्यता पाळणाऱ्यांना होती, तर अस्पृश्यांची घरं का पडली? भूकंपाला पाप-पुण्य कळत नाही. जमीन हलते ती खडकाच्या हालचालीने. कुणाचं घर आधी उभं राहील हे मात्र माणसं ठरवतात, आणि तिथे आपलं काम सुरू होतं.

दुसरा आक्षेप आपल्याच पोरांचा आहे. तो मला जास्त अस्वस्थ करतो. "आपल्या वस्तीला पूर आला तेव्हा कोण आलं होतं? आपण का द्यायचं?" या रागामागचा अनुभव खोटा नाही. पण आपण २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत. त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तिला जातीची, देशाची अट नाही. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, तब्येत ढासळलेली असताना काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि तिथे बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. आपलं नातं त्यांनी सीमेच्या पलीकडे नेऊन ठेवलं आहे. ते 'आम्हाला कुणी दिलं नाही' या हिशेबाने मागे आणता येणार नाही.

पण करुणेला डोळे हवेत. म्हणून माझ्या गायक मित्राच्या "बौद्ध आहेत, आपली माणसं आहेत" या वाक्याबद्दलही बोललं पाहिजे. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. भूकंपानंतरही या लष्कराचे हवाई हल्ले थांबले नाहीत. ते सत्ताधारीही स्वतःला बौद्धच म्हणवतात. याच लष्कराने २०१७ मध्ये लाखो रोहिंग्यांना देशोधडीला लावलं. तेव्हा 'बौद्ध देशाला मदत' असं मोघम म्हणून पैसे पाठवले तर ते पीडितापर्यंत जातील की पीडकाच्या हाती, हे आपण विचारायला नको का? मदत ढिगाऱ्याखालच्या माणसाला करायची आहे. त्याचा धर्म विचारून करायची नाही.

पैसा मोठा झाला की प्रश्न संपतात असंही नाही. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. दहा दिवसांत जगभरच्या नामांकित गायक-नटांनी टीव्हीवर एकत्र कार्यक्रम केला आणि साडेपाच कोटी डॉलरहून जास्त निधी उभा राहिला. त्यांची कळकळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण याच भूकंपासाठी अमेरिकन रेड क्रॉसने लोकांकडून जे जवळपास ५० कोटी डॉलर गोळा केले, त्यांचा माग दोन अमेरिकी वृत्तसंस्थांनी २०१५ मध्ये काढला तेव्हा कायमची नवी घरं सापडली सहा. संस्थेने टीका नाकारली, पैसा इतर निवारा, आरोग्य वगैरे कामांवर गेला असं सांगितलं. ते गृहीत धरलं तरी, १८०४ मध्ये गुलामांनी बंड करून उभारलेल्या त्या देशातल्या माणसाला आधी विचारायला हवं होतं की तुला काय हवंय. एवढ्या मोठ्यांचं असं होतं, तर आपण निदान आपल्या छोट्या डब्याचा तरी हिशेब चोख ठेवू शकतो.

आणि कलाकारांचं काय? आपली जलशाची परंपरा भीमराव कर्डकांपासूनची आहे. वामनदादांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गायलं. या परंपरेचा गौरव आपण भाषणात करतो आणि कार्यक्रम ठरवताना कलाकाराला म्हणतो, "समाजाचं काम आहे, मानधन कसलं?" २०२० च्या लॉकडाउनमध्ये एप्रिलचा सगळा हंगाम बुडाला. भीमगीतं गाणाऱ्या कितीतरी जणांचं वर्षभराचं पोट त्या एका महिन्यावर असतं. ढोलकीवाला दिवसा गवंड्याच्या हाताखाली असतो, त्याचा एक खाडा म्हणजे घरातला एक दिवस. त्याने फुकट वाजवलं तर त्या निधीतला सगळ्यात मोठा देणगीदार तो असतो, पण पावती निघते नेत्याच्या नावाने. ज्याला द्यायचं आहे त्याने आनंदाने द्यावं, पण त्याची किंमत वहीत लिहिली जावी.

म्हणून मित्राला मी परत फोन केला आणि पाच गोष्टी सांगितल्या.

एक, पैसे कुणाकडे जाणार ते कार्यक्रमाआधी ठरवायचं. आपल्या विद्यापीठांच्या पाली विभागांत म्यानमारचे भिक्खू आणि विद्यार्थी शिकायला येतात. त्यांच्याशी आधी बोलायचं. परदेशात पैसे पाठवायला नियम आहेत, ते बँकेत आणि सीएकडे विचारून घ्यायचे. रस्ता स्वच्छ दिसला नाही तर लोकांना तसं सांगायचं आणि भलत्याच्या हाती पैसे द्यायचे नाहीत.

दोन, डबा फिरवण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचा कागद पूर्ण करायचा. कायद्यात त्यासाठी कलम ४१-क आहे. डबा सीलबंद, मोजणी मंचावर, आणि मोजायला वस्तीतल्या दोन बाया.

तीन, कलाकारांचा प्रवास आणि जेवण खर्चात उघडपणे दाखवायचं. कुणी मानधन सोडलं तर त्याची रक्कम देणगी म्हणून त्याच्या नावावर लिहायची.

चार, मंचावरून किल्लारीचे चौरस फूट आणि नेपाळचा जमिनीचा कागद सांगायचा. शाहिराने त्यावर कवन करावं. लोक पैसे देऊन घरी जातील तेव्हा हा प्रश्नही त्यांच्यासोबत गेला पाहिजे.

पाच, तीन महिन्यांनी विहाराच्या फलकावर हिशेब लावायचा. पैसे पोचले नसतील तर तेही लिहायचं.

मित्र थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, एवढं केलं तर कार्यक्रमापेक्षा हिशेबच मोठा होईल." मी म्हटलं, होऊ दे. सरकारी कार्यालयांकडून आपण माहिती अधिकारात हिशेब मागतो, तर आपल्या डब्याचा द्यायला जड का जावं? तो तयार झाला. दोन बायांपैकी एक म्हणून मी त्या आजीच्या सुनेचं नाव सुचवलं आहे. आजी आता नाहीत. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर या वेळी फलकावर लागलं पाहिजे.