ट्रॅक्टरची निगा मालकाच्या हातीं

बैलाच्या दाणावैरणीसाठीं कोणी परगांवाहून माणूस बोलावीत नाहीं. मग लहान ट्रॅक्टरच्या नित्य निगेसाठीं मिस्त्रीची वाट पाहत बसणारे शेतकरी पाहून आम्हांस नवल वाटतें. वाफसा कोणाकरितां थांबत नाहीं.

सकाळीं यंत्र थंड असतां तें सपाट जागीं उभें करून तेलाची कांडी व रेडिएटरचें पाणी पाहावें. तापलेल्या रेडिएटरचें झाकण मात्र कदापि उघडूं नये. मळणीच्या धुळींत एअर क्लीनर रोज तपासावा. धूळ आंत गेली कीं पिस्टन व सिलिंडर झिजतात, आणि तो खर्च तेलाच्या डब्याहून कितीतरी पटींनीं मोठा असतो. ग्रीस, बॅटरींतील पाणी, टायरमधील हवा हींही घरचींच कामें होत.

इंजिनचें तेल किती तासांनीं बदलावें हें यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तासमापकाचा आंकडा व तारीख वहींत टिपून ठेवावी. सात-बाराच्या नोंदीस जपणाऱ्या खातेदारानें या नोंदीसही तितकेंच जपावें.

हमीच्या मुदतींतील ठराविक तपासणी, डिझेल पंप व हायड्रॉलिक हीं कामें जाणत्या कारागिराचींच. परंतु रोजची निगाही परक्यावर सोपविणें कर्जाऊ यंत्राच्या मालकास परवडणारें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.