आशियाची सहल आणि दिवसांचा हिशेब

परीक्षा आटोपत आल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे होऊ लागले, की वृत्तपत्रांतून परदेशी सहलींच्या जाहिरातींना बहर येतो. 'पाच रात्री, सहा दिवस' हे त्यांचे ठरलेले माप. शिक्षक, बँकेतील वा कचेरीतील कारकून, नुकताच नोकरीस लागलेला पदवीधर हे सारे त्या जाहिरातींपुढे क्षणभर थांबतात, मनातल्या मनात बेरीज करतात, आणि बहुधा पान उलटतात. जे उलटत नाहीत, त्यांतील अनेक जण आता हप्त्यांनी फेडावयाच्या कर्जावर सहल काढू लागले आहेत. सहा दिवसांचा प्रवास आणि बारा महिन्यांची फेड असा हा व्यवहार आहे. त्याची थोडी चिकित्सा करणे अस्थानी ठरू नये.

एक गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. परदेशप्रवासाच्या वाटेत पूर्वी जी सरकारी भिंत उभी होती, ती आता राहिलेली नाही. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात आठ डॉलर खिशात घालून विमानात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिगती मागील पिढीच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीस वर्षाकाठी २५ हजार डॉलर परदेशी नेण्याची वा पाठविण्याची मुभा दिली. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. मध्यमवर्गीयास या आकड्याचा उपयोग एवढाच, की अडचण आता परवान्याची नसून पगाराची आहे हे त्यास स्पष्ट कळते. पगारात बसणारा आशियाचा प्रवास आखता येतो काय? प्रस्तुत लेखकाच्या मते येतो. मात्र त्यासाठी हिशेबाचे एकक बदलावे लागते. आपण सहलीची किंमत एकरकमी विचारतो. ती दिवसामागे विचारावयास हवी.

स्थिर खर्च आणि दिवस

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो, की कोणत्याही उत्पादनात काही खर्च स्थिर असतो आणि काही बदलता. प्रवासात विमानभाडे आणि व्हिसाचे शुल्क हा स्थिर खर्च होय. खोली, जेवण आणि स्थानिक वाहन हा बदलता. उदाहरणादाखल समजा, की जाण्यायेण्याचे भाडे व व्हिसा मिळून २४ हजार रुपये लागतात आणि तिकडे माणशी दररोज अडीच हजार खर्च होतात. पाच दिवसांच्या सहलीस साडेछत्तीस हजार, म्हणजे दिवसामागे ७,३०० रुपये पडतात. पंधरा दिवस राहिल्यास एकूण साडेएकसष्ट हजार, पण दिवसामागे केवळ ४,१००. पाच-पाच दिवसांच्या दोन सहली काढणारा ७३ हजार खर्चून दहा दिवस पाहतो; एकदाच पंधरा दिवस जाणारा साडेअकरा हजार वाचवून पाच दिवस अधिक पाहतो. दर वर्षी परदेशी गेलेच पाहिजे हा हट्ट सोडून दोन वर्षांतून एकदा, परंतु सावकाश जाणे ही काटकसरीची पहिली पायरी होय.

स्थळांच्या प्रवेशशुल्कांतही हेच गणित काही ठिकाणी लख्ख दिसते. कंबोडियातील अंगकोरच्या मंदिरसमूहाचे तिकीट फेब्रुवारी २०१७ पासून एका दिवसास ३७ डॉलर, तीन दिवसांस ६२ आणि सात दिवसांस ७२ डॉलर असे आहे. म्हणजे पहिला दिवस ३७ डॉलरला पडतो आणि शेवटचे चार दिवस मिळून अवघ्या दहा डॉलरला! घाईच्या सहलीतील पाहुणा सर्वांत महागडा तो पहिला दिवस विकत घेतो, अंगकोर वाटचा सूर्योदय, बायोनचे मुखवटे आणि झाडांच्या मुळांनी कवटाळलेले ता प्रोम पाहून संध्याकाळी विमानतळ गाठतो. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधविलेल्या त्या मंदिराच्या ओवऱ्यांतून समुद्रमंथन आहे, लंकेचे युद्ध आहे, कुरुक्षेत्र आहे, शरपंजरी पडलेले भीष्म आहेत. दुभाष्यावाचून ज्या कथा आपल्याला ओळखता येतात, त्यांच्यासमोर उभे राहावयास आपल्यालाच वेळ नसावा, ही विसंगती आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या शेजारी भूतानचे. तेथे जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही, पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र पुरते, आणि तेथील न्गुलत्रुम रुपयाच्या बरोबरीचा आहे. परंतु जुलै २०२० पासून भारतीय पर्यटकासही दर रात्री १,२०० रुपये शुल्क द्यावे लागते. चार प्रौढ माणसे चार रात्री राहिली, तर खोली व जेवण धरण्यापूर्वीच १९,२०० रुपये होतात. त्या चिमुकल्या देशाने गर्दीला आवर घालण्यासाठी दिवसालाच किंमत लावली आहे, आणि तसे करण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. आपण मात्र ओळखले पाहिजे, की काही देशांत दिवस वाढले की सरासरी खर्च उतरतो आणि काही देशांत तो तितकासा उतरत नाही. देश निवडताना हा भेद विमानभाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

ज्यांनी या खंडात स्वस्त प्रवासाची परंपरा घातली, त्यांच्याजवळ पैसा थोडा आणि वेळ अपार होता. १९७३ साली टोनी व मॉरीन व्हीलर या दांपत्याने 'अक्रॉस एशिया ऑन द चीप' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे काठमांडू आणि गोवा गाठणारे ते तरुण काही धनाढ्य नव्हते. महिनोन्महिने रस्त्यावर राहण्याची त्यांची तयारी होती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो मार्ग संपला. आपल्याला महिने मिळणार नाहीत, हे खरे. तथापि शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला दोन-तीन आठवडे मिळतात, आणि कारकुनाला साठलेल्या अर्जित रजेतून ते काढता येतात. पैशाने श्रीमंत असलेल्या अनेकांजवळ एवढीही सवड नसते.

सुट्टी ठरलेली, तर देश बदला

आपली खरी अडचण अशी, की आपल्या सुट्ट्या ठरलेल्या असतात. मे महिन्यात आणि दिवाळीत सारा महाराष्ट्र एकाच वेळी घराबाहेर पडतो आणि भाडी चढतात. सुट्टी हलविता येत नसेल, तर निदान देश तरी ऋतू पाहून निवडावा. एप्रिल-मेमध्ये बँकॉक आपल्या नागपूरची आठवण करून देते. त्याच मे महिन्यात विषुववृत्ताच्या दक्षिणेस, जावा बेटावर, कोरडा व सुखद मोसम सुरू झालेला असतो. योग्यकर्ता या एका शहरात मुक्काम ठेवून बोरोबुदूरचा नवव्या शतकातील स्तूप आणि प्रंबननची शिवमंदिरे दोन्ही पाहता येतात. प्रंबननच्या उघड्या रंगमंचावर रामायणाचे नृत्यनाट्यही मे ते ऑक्टोबर याच काळात होते.

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळचे आकाश निवळलेले असते आणि हिमशिखरे दिसतात. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एका भारतीय रुपयास १.६० असा बांधलेला असल्याने विनिमयाची चिंता नाही. फक्त दसरा, म्हणजे तेथील दशैं, टाळावा. त्या दिवसांत सारा नेपाळ आपापल्या गावी निघालेला असतो आणि बसमध्ये पाय ठेवावयास जागा नसते. याउलट ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर वादळे आणि पूर येतात. त्या देशास फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणे उत्तम, पण तेव्हा आपल्याकडे परीक्षांचा हंगाम! शिक्षकाने तो देश निवृत्तीनंतर पाहावा; बँकेतील मित्राने मात्र अवश्य आताच पाहावा.

कारण सावकाश प्रवासाचा धडा गिरवावयास व्हिएतनामसारखा देश नाही. ऑगस्ट २०२३ पासून तेथील ऑनलाईन व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळू लागला. हनोईपासून हो ची मिन्ह शहरापर्यंत १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे. युद्धात तुटलेला हा मार्ग १९७६ मध्ये पुन्हा सलग झाला. रात्री हनोईस शयनयानात बसावे, सकाळी हुए या जुन्या राजधानीत उतरावे; एका रात्रीच्या खोलीचे भाडे वाचते. पुढे दा नांगनजीक मी सोन येथे चाम राजांची शिवमंदिरे आहेत. १९६९ च्या अमेरिकन बाँबफेकीत त्यांतील बरीच उद्ध्वस्त झाली. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना २०२० मध्ये तेथील जीर्णोद्धाराच्या कामात नवव्या शतकातील अखंड शिवलिंग सापडले. शाकाहारी माणसाने तेथे उपाशी राहण्याचे कारण नाही. पाटीवर 'चाय' हा शब्द दिसला की तेथे चहा नव्हे, बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण मिळते, आणि ते भारतीय खाणावळीपेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

नोटांवरील शून्ये पाहून मात्र गांगरू नये. एका रुपयाचे सुमारे तीनशे डाँग होतात. पाच लाख डाँगची नोट म्हणजे आपले सतराशे रुपये. पहिल्या दिवशी आपण लक्षाधीश झाल्याच्या भरात हात सैल सोडतो आणि दुसऱ्या दिवशी दोन हजार डाँगसाठी, म्हणजे सहा-सात रुपयांसाठी, भाजीवाल्या म्हातारीशी वाद घालतो. अर्थशास्त्रात यालाच मुद्राभ्रम म्हणतात. काटकसर करावयाची ती विमानभाड्यात, खोलीत आणि निरर्थक खरेदीत करावी. आपल्याहून गरीब विक्रेत्याच्या टोपलीत ती करणे अप्रशस्त होय.

आक्षेप आणि एक सूचना

यावर असे म्हटले जाईल, की आयोजित सहलीत सुरक्षितता असते, भाषेची अडचण येत नाही, वृद्ध आईवडिलांना नेता येते. हे सारे खरे आहे, आणि ज्यांना त्या सेवेची गरज आहे त्यांनी तिची किंमत अवश्य द्यावी. सीमेपलीकडे अडचणीही उद्भवतात. २०२५ च्या जुलै आणि डिसेंबर महिन्यांत थायलंड व कंबोडिया यांच्या सीमेवर लढाई पेटली आणि त्या वर्षी बँकॉकहून अंगकोरकडे जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला. पण अशा प्रसंगी ज्याच्या हाती दोन-चार दिवस शिल्लक असतात, तो व्हिएतनामकडून वळसा घेऊन जाऊ शकतो. ज्याचा प्रत्येक तास आधीच विकला गेला आहे, त्याची सहलच बुडते. सवड हाच प्रवाशाचा खरा विमा असतो. व्हिसाचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या त्या देशाच्या दूतावासाचे ताजे निवेदन पाहणे एवढी दक्षता पुरे.

सरकारी सवलतीची आशा मात्र कोणी धरू नये. रजा प्रवास सवलतीत दिल्लीहून मदुराईस निघून वाटेत कोलंबो, क्वालालंपूर आणि सिंगापूर करून येण्याची युक्ती बँक कर्मचाऱ्यांनी योजली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. ही करसवलत देशांतर्गत प्रवासापुरती आणि जवळच्या मार्गापुरतीच आहे, असा निर्वाळा दिला. निर्णय कायद्यास धरून आहे. तथापि त्या वाकड्या मार्गामागील ओढ काही वाकडी नव्हती. शेजारचे देश पाहावेत असे सामान्य नोकरदारास वाटू लागले आहे, हीच त्यातील खरी बातमी.

त्या ओढीला सरळ मार्ग आपण स्वतःच काढू शकतो. महाराष्ट्रात शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्यांचे दाट जाळे आहे. या संस्था लग्नासाठी, घरासाठी, दुचाकीसाठी कर्ज देतात. त्यांनी 'प्रवास ठेव' नावाची साधी आवर्त ठेव सुरू करावी. दरमहा तीन हजार रुपये भरणाऱ्या सभासदाजवळ दोन वर्षांत ७२ हजार रुपये आणि वर व्याज जमा होईल. वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एका माणसाच्या पंधरा दिवसांना ते पुरून उरतात. सभासद एकत्र निघाले तर खोल्या आणि वाहने वाटून घेता येतील, आणि परतल्यावर खर्चाचा तपशील पुढच्या तुकडीच्या हाती पडेल. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुण प्राध्यापकांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांना सुट्टी पुष्कळ मिळते, पण ती बिनपगारी! त्यांच्या बाबतीत प्रवासाचे अंदाजपत्रक आखण्यापूर्वी शासनाने आपले अंदाजपत्रक तपासले पाहिजे.

इतरांनी मात्र 'आपल्याला कुठले परवडायला' हे उद्गार थोडे लांबणीवर टाकावेत. कर्जाने घेतलेले सहा दिवस महाग असतात. साठवून घेतलेले पंधरा दिवस आपल्या ऐपतीत बसतात. येत्या सुट्टीत कोठेच जाणे जमले नाही, तर घरी बसून पुढल्या वेळचा देश आणि महिना ठरवावा, आणि ठेवीचा पहिला हप्ता भरून टाकावा.